पुढच्या फळीवरचा दगड

दोन माणसांच्या कनूत, म्हणजे वल्ह्यांच्या निमुळत्या होडीत, एकच माणूस बसला की तिचं नाक आभाळाकडे जातं. हे पदार्थविज्ञान आहे, यात मन दुखावून घेण्यासारखं काही नाही. मागच्या फळीवर आपण, पुढच्या फळीवर कोणी नाही, आणि कनू अशी नाक वर करून उभी राहते की जणू आपल्या अंगाला कसला तरी वास येतोय. वाऱ्याची झुळूक आली की ते नाक गर्रकन फिरतं आणि आपण जिथून निघालो तिकडेच तोंड करून बसतो. गेल्या वसंतात मी असा एका सकाळी सलग चार वेळा घरी निघालो होतो.

हे सगळं ओर्विलकाकामुळे झालं. ओर्विल स्कोगेन, माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. ऑक्टोबरात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याने मार्लिस नावाच्या बाईंशी लग्न केलं आणि त्यांच्या संधिवातासाठी ऍरिझोनाला निघून गेला. संधिवात त्यांचा, वाळवंट दोघांना. त्याआधी अकरा वर्षं काका आणि मी एकाच कनूतून वॉलआय धरत होतो. वॉलआय हा आमच्या किटली सरोवरातला मासा. पाठ सोनेरी हिरवी, डोळे काचेच्या गोट्यांसारखे, आणि स्वभाव आमच्या नॉर्बी गावासारखा: तळाशी राहतो, फारसा बोलत नाही, आणि कोणी काही खायला पुढे केलं तर आधी नुसतं नाकाने ढकलून बघतो.

त्याला धरायची रीत अशी. तंगुसात बुटाच्या आकाराचं इवलंसं सैल शिसं ओवायचं, त्याच्यापुढे हातभर बारीक तंगूस, टोकाला गळ आणि गळाला जळू. शिसं तळाला टेकलं की गळाची काठी जराशी उचलायची, परत टेकवायची. टक्. टक्. खडक असेल तर टक्, वाळू असेल तर मऊ, चिखल असेल तर काहीच नाही. मासा लागला म्हणून झटका द्यायचा नाही. ओला पायमोजा अडकल्यासारखं जड लागतं, तेव्हा बोटाखालून तंगूस सैल सोडायचा, पाचपर्यंत मोजायचं आणि मग उचलायचं. हे सगळं पुढच्या माणसाचं काम. मागच्याने वल्हं हळूहळू मारत कनू वाऱ्यात जागच्या जागी धरायची. थोडक्यात, एकाने तळ चाचपायचा आणि दुसऱ्याने त्याला चाचपू द्यायचं. एकट्याला दोन्ही जमत नाही. काठी धरली तर कनू फिरते, वल्हं धरलं तर तळ कळत नाही. किटलीवर इंजिनाला बंदी आहे, म्हणजे यंत्राचीही सोबत नाही. अकरा वर्षं मी मागे होतो. मासे मी बेताचेच पाहिले. काकाची पाठ भरपूर पाहिली.

आणि आमची एक जागा होती. पाण्याखाली पंधरा फुटांवर खडकाचं एक टेंगूळ आहे, त्याच्या कडेने वॉलआय दाटीवाटीने उभे असतात. ही जागा जगात दोघांनाच ठाऊक, काका आणि मी. लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून आम्ही दर वेळी आधी बेटाच्या मागे जायचो, जिथे एकही मासा नाही अशा ठिकाणी अर्धा तास गळ टाकून बसायचो, काका मोठमोठ्याने गाणं म्हणायचा, आणि मग इकडेतिकडे बघत आम्ही टेंगळावर सरकायचो. जाताना काकाने मला आपल्या काठी-जॅकेटसकट कनू दिली, आपली निळी टोपी दिली, आणि सामान गाडीत चढवून झाल्यावर काच खाली करून म्हणाला, "हालवर, जागा कुणाला सांगू नकोस." निरोपाचं एवढंच बोलणं झालं. आमच्या घराण्यात याला भावनाविवश होणं म्हणतात.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. तिकडचं तापमान, इकडचं तापमान, मग शांतता.

"हिवाळ्यात ये की इकडे."

"बघू काका."

"ये की."

"बघू."

"बरं," असं म्हणून तो फोन ठेवतो. मग मी स्वयंपाकघरात जाऊन चार माणसांचं हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाट्याचे भाजलेले थर, ओव्हनमध्ये लावतो, कारण कमी माणसांची कृती कुठे लिहिलेलीच नाही, आणि ते गुरुवारपर्यंत खातो.

तर मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी वॉलआयचा हंगाम उघडतो. त्या दिवशी नॉर्बीत कोणी एकटं नसतं. आजारी माणसंही कुणाच्या तरी कनूत जाऊन आजारी पडतात. माझी मागणी साधी होती: त्या शनिवारी पुढच्या फळीवर कोणीतरी असावं. मासा मिळाला तर उत्तम, पण माणूस हवा.

आधी गेलो वेइक्को हाउटालाकडे. वेइक्कोचं आमिषाचं दुकान आहे. वय सत्तर, बोलणं दिवसाला साधारण सत्तर शब्द.

"वेइक्को, शनिवारी येता का माझ्याबरोबर? पुढची फळी रिकामी आहे."

वेइक्कोने जळवा मोजणं थांबवलं नाही. "छे. दुकान कोण बघणार?"

"पहाटे जाऊन नऊला परत येऊ. फक्त काकाची अट आहे, बेट ओलांडलं की तुमचे डोळे बांधावे लागतील."

"डोळे."

"स्वच्छ टॉवेल आणीन."

"नको रे बाबा. माझे गुडघे कनूत मावत नाहीत."

एवढं बोलून तो जळवांच्या बादलीत हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिला. दुकानात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. त्याला जळवा मोजायच्या असतील, मी मध्ये उभा आहे, हे ओळखून मी निघालो. स्वाभिमान असलेल्या माणसाला दोन नकार पुरतात.

त्याच हिशेबाने मी पाद्रीसाहेबांना दोनदा विचारलं, पोस्टमनला दोनदा, पेट्रोलपंपावरच्या जाड्या माणसाला दोनदा (तो कनूत बसला असता तर नाक खाली जाऊन शेपूट वर आली असती, पण अशा वेळी आपण निवड करत बसत नाही). सगळे दोन्ही वेळा "नको नको" म्हणाले. पोस्टमनने जाताजाता त्याचा कुत्रा देऊ केला. मी कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्याने मान फिरवली.

मध्येच परवान्याचं निघालं. आता मासेमारीचे परवाने द्यायला काउंटी कचेरीच्या खिडकीवर मीच बसतो. पण नियम असा की कारकुनाने स्वतःला परवाना द्यायचा नाही. दुसरी कारकून बाळंतपणाच्या रजेवर. म्हणून मी स्वतःच्या खिडकीवर 'पाच मिनिटांत येतो' ही पाटी लावून चाळीस मैल गाडी हाकत शेजारच्या काउंटीत गेलो. तिथे खिडकीवरच्या बाईंनी अर्ज पुढे ओढला.

"एकट्याचा की जोडप्याचा?"

हा प्रश्न मी स्वतः पाच वर्षं लोकांना विचारतोय. समोरची काही माणसं उत्तर देताना खिडकीबाहेर का बघतात ते मला त्या दिवशी कळलं.

"एकट्याचा," मी खिडकीबाहेर बघत म्हणालो.

मागे छपाईचं यंत्र धडधडत होतं. "काय?"

"एकट्याचा."

"मोठ्याने बोला!"

"एकट्याचा!"

यंत्र नेमकं त्याच क्षणी थांबलं. रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

मंगळवारी मी समोरच्या टॉलेफसनबाईंकडे गेलो. व्हर्ना टॉलेफसन यांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि अजूनही मी त्यांना मागच्या सीटवर दंगा करणारा मुलगाच वाटतो. नवरा लेस्टर चार वर्षांपूर्वी गेला.

"कॉफी घे."

"नको, आत्ताच झाली."

"घे रे अर्धा कप."

"नको, कशाला उगाच त्रास."

"आता ओततेच आहे मी."

"बरं, ओततच असाल तर."

कॉफीचं हे असंच असतं, त्यात काही नवीन नाही. मी कप घेतला आणि नाकाची अडचण सांगितली.

"दगड ठेव," टॉलेफसनबाई म्हणाल्या. "एकटी माणसं पुढे दगड ठेवतात. लेस्टरही ठेवायचा, मी माहेरी गेले की."

"केवढा?"

"तुझा काका केवढा होता?"

"दोनशे दहा पौंड."

"तेवढा दगड तुला उचलणार नाही. निम्म्या काकाने भागव."

निम्मा काका त्यांच्या अंगणातच होता. नव्वद पौंडांचा, गोल, राखाडी. लेस्टरने एका उन्हाळ्यात तो अंगणातून खणून काढला होता, पाठ धरली, आणि मग तो जिथे होता तिथेच ठेवून त्याच्याभोवती फुलझाडं लावली, म्हणजे मुद्दाम आणल्यासारखा दिसेल. लेस्टर गेल्यापासून त्याला लेस्टरचा दगड म्हणतात. बाई सकाळी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि आपला कप त्याच्यावर ठेवतात. वर कपाचा तपकिरी गोल उमटलाय.

"हा कसा नेऊ?"

"ने. कामाला तरी येईल. पण परत आण हं हालवर."

"शनिवारी दुपारी जागेवर असेल," मी म्हणालो. दिलेला शब्द आपण पाळतो.

त्यानंतर गावाला माझ्या दगडात एकदम रस आला. माझ्याबरोबर यायला ज्यांना वेळ नव्हता ते सगळे दगडाबद्दल सल्ला द्यायला वेळ काढून आले. पोस्टमन म्हणाला, दगडापेक्षा बटाट्याचं पोतं बरं, अडकून पडलास तर खाता येईल. पाद्रीसाहेबांनी पाण्याचे डबे सुचवले. वेइक्को कुंपणाशी येऊन दगडाकडे बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "तळाला ठेव. फळीवर नको."

हा सल्ला बरोबर होता. मी तो मानलाही. शनिवारी पहाटे धक्क्यावर मी दगड आधी कनूच्या तळालाच ठेवला, नाक पुष्कळ खाली आलं. पण मी मागे बसून समोर पाहिलं तर पुढची फळी पूर्वीइतकीच रिकामी दिसत होती. मी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं. मग उठलो, दगड उचलून फळीवर ठेवला, गडगडू नये म्हणून त्याला काकाचं केशरी जीवरक्षक जॅकेट घातलं, पट्टे आवळून फळीला बांधले. काकाची टोपी ठेवायला दुसरी कोरडी जागा नव्हती, म्हणून ती त्याच्या डोक्यावर ठेवली. डोकं म्हणजे वरची बाजू.

मागून बघितलं तर अगदी काका. काकापेक्षा थोडा बोलका.

मग आम्ही बेटामागे गेलो. एकही मासा नसलेल्या ठिकाणी अर्धा तास गळ टाकला. गाण्याचं काम काकाकडे असायचं, ते मीच उरकलं. पलीकडच्या काठाला सातआठ कनू होत्या, प्रत्येकीत दोन टोप्या. कोणीतरी हात हलवला. मीही हलवला. दगडाकडून राहून गेलं. कोणी बघत नाही अशी खात्री करून आम्ही टेंगळावर सरकलो. सवयीने मी काकाची काठीही त्याच्या बाजूला लावून, जळू ओवून, शिसं तळाला सोडून ठेवली होती. माझी माझ्या हातात. वारा पडलेला, कनू जागच्या जागी. टक्. टक्.

"खडक लागतोय," मी म्हणालो. कोणी हरकत घेतली नाही.

तेवढ्यात लोरेटा बेलांजे आली. लोरेटा या सरोवरावरची वन्यजीव अधिकारी. तिची कनू कधीच आवाज करत नाही, आणि तीही एकटीच असते, पण तिला त्याचा पगार मिळतो.

"काय स्कोगेन. काही लागलं?"

"अजून नाही."

"आणि याला?"

"तो नवीन आहे."

तिने दगडाकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं. "एका माणसाला एक गळ. पाण्यात दोन दिसतायत."

"दुसरा काकाचा."

"काका ऍरिझोनात आहे."

"हो. तो फक्त गळ."

"या गृहस्थांचा परवाना?"

"दगडाला लागत नाही. मी खिडकीवर बसतो, मला नियम पाठ आहेत."

"त्याचं जॅकेट मात्र नीट बांधलंय," लोरेटा म्हणाली. "तुझं कुठाय?"

माझं मी बुडाखाली घेऊन बसलो होतो. फळी टोचते.

"घाल."

घातलं.

"आणि तो गळ वर घे. मी परत येईन तेव्हा मला एकच दिसला पाहिजे."

"घेतो. कॉफी देऊ का? थर्मासमध्ये दोघांची आहे."

"नको. कामावर आहे."

"थोडी?"

"नको नको, तुला कमी पडेल."

मी झाकण लावलं. लोरेटा वल्हं पाण्यावर धरून तशीच थांबली. मला वाटलं आणखी एखादा नियम आठवतेय. मग ती गेली.

मी काकाचा गळ वर घ्यायला म्हणून तिकडे पाहिलं आणि काठीचं टोक वाकलं. हळूच, ओला पायमोजा अडकावा तसं. अकरा वर्षं काकाच्या पाठीमागून जे मला कधी नीट दिसलं नव्हतं ते आता स्वच्छ दिसत होतं, कारण दगड काकापेक्षा बुटका होता. काठी आणखी वाकली. एक, मी मोजलं. हा मासा बेकायदेशीर होता. दोन. पण मासा होता. तीन. चारला मी माझी काठी ठेवून गुडघ्यांवर पुढे सरकायला लागलो.

कनूत पुढे सरकू नये, हेही पदार्थविज्ञानच. मधल्या दांड्यावरून पाय टाकला तशी कनू उजवीकडे कलली. दगड आपल्या जॅकेटसकट अतिशय शांतपणे उजवीकडे वळला, जसा कोणी म्हातारा माणूस खिडकीबाहेर बघायला वळतो, आणि फळीवरून उठून गेला. पट्टे तुटले, फळी मोडली. त्याच्यामागे काठी गेली, मासा गेला. मग कनूने विचार बदलून डावीकडे उडी घेतली आणि मी गेलो.

बर्फ वितळून पंधरा दिवस झालेल्या पाण्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. त्यात पडल्यावर माणूस फक्त स्वर उच्चारतो. जॅकेटने मला वर धरलं. उलट्या कनूला लटकून मी नाकातलं पाणी काढत होतो तेव्हा पलीकडच्या काठावरून आरडाओरडा ऐकू आला.

पलीकडून त्यांनी काय पाहिलं ते बघा. दोन माणसांची कनू, म्हणजे याला दगडाऐवजी कोणीतरी मिळालेलं दिसतं. दोघांत काहीतरी बोलाचाली. मागचा माणूस उठून पुढच्याच्या अंगावर जातो. केशरी जॅकेट घातलेला माणूस पाण्यात पडतो आणि जॅकेटसकट सरळ तळाला जातो.

आठही कनू निघाल्या. किटलीवर इतक्या वेगाने वल्ही मारलेली मी पाहिली नाहीत. आणि माझी अवस्था बघा: अर्धा जीव म्हणतोय वाचवा, उरलेला अर्धा म्हणतोय इकडे येऊ नका, ही आमची जागा आहे.

"दुसरा कुठाय?" पाद्रीसाहेब लांबूनच ओरडले.

"तो दगड आहे!" मी ओरडलो.

"दगडासारखा बुडाला म्हणतोय," पोस्टमनने मागच्यांना सांगितलं.

"माणूस नाही! दगड!"

"धक्का बसलाय बिचाऱ्याला," पाद्रीसाहेब म्हणाले. "कोण होता, पोरा? नाव सांग."

"लेस्टर!" मी म्हणालो. "टॉलेफसनबाईंचा लेस्टर!"

आठ कनू एकदम थांबल्या. लेस्टरचा अंत्यविधी पाद्रीसाहेबांनीच केला होता. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं उत्तर धर्मशास्त्रात नसावं. आणि त्याच वेळी मला दिसलं की पाद्रीसाहेबांच्या कनूत पुढच्या फळीवर वेइक्को बसलाय. आरामात. गुडघे व्यवस्थित मावलेले.

"वेइक्को!" मी ओरडलो. "तुमचे गुडघे!"

"भ्रम झालाय," पोस्टमन म्हणाला. "लवकर काढा याला."

लोरेटाने परत येऊन मला आपल्या कनूत ओढलं, काय बुडालं ते तीन शब्दांत सगळ्यांना सांगितलं, आणि माझ्याच थर्मासमधली, पाण्यावर तरंगत आलेली कॉफी मला पाजली. एक गळ जप्त करायचा होता, पण तो पाण्याखाली असल्याने तिने फक्त समज दिली.

दुपारी मी टॉलेफसनबाईंच्या स्वयंपाकघरात घोंगडीत बसलो होतो. अंगणात फुलझाडांच्या मधोमध एक गोल खड्डा दिसत होता आणि त्याच्याशेजारी त्यांची खुर्ची. कॉफीचे तिन्ही टप्पे झाले. मग मी म्हणालो, "बाई, तुमचा दगड."

"बुडाला. गावभर झालंय."

"मी काढून आणतो. पोहणारा माणूस आणीन, दोर आणीन. पण अडचण अशी आहे की तो जिथे पडलाय ती जागा मला कुणाला सांगता येत नाही. काकाला शब्द दिलाय."

"टेंगळाच्या उत्तरेकडे उतार आहे," टॉलेफसनबाई बशीत बिस्किटं मांडत म्हणाल्या. "तिकडे घरंगळला नसला म्हणजे मिळवलं. दक्षिणेला असला तर पंधरा फुटांवर असेल."

मी कप खाली ठेवला.

"तुम्हाला कसं माहीत?"

"अरे, सगळ्यांना माहितीये."

"सगळ्यांना म्हणजे?"

"म्हणजे गावाला. लेस्टर आणि मी तर दुर्बीण घेऊन बसायचो. तुमचा तो बेटामागचा वळसा बघायला. काका फार छान गायचा हं तुझा. तू आज सकाळी सूर जरा खाली लावलास."

अकरा वर्षं मला सरोवरावरून जाताना आठवली. प्रत्येक वेळी मान वळवून इकडेतिकडे बघणारा मी, आणि प्रत्येक वेळी पलीकडे तोंड करून बसलेल्या त्या टोप्या.

"मग कोणी कधी आलं कसं नाही तिथे?"

"तुमची जागा होती ना ती," बाई म्हणाल्या. "बोलावल्याशिवाय कसं यायचं?"

दार वाजलं. वेइक्को होता, हातात काकाची निळी टोपी, निथळत असलेली. "तरंगली," तो म्हणाला आणि ती खुंटीला लावली. मी तोंड फिरवलं. आम्ही स्कोगेन लोक राग असा व्यक्त करतो, आणि समोरच्याला तो कळला नाही तर अजून जोरात तोंड फिरवतो.

"काय झालं याला?" वेइक्कोने विचारलं.

"तुमचे गुडघे कनूत मावत नव्हते," मी भिंतीला म्हणालो.

"मावतात."

"दुकान होतं."

"बंद केलं. पाद्रीसाहेबांनी विचारलं."

"मीही विचारलं होतं!"

"तू दोनदाच विचारलंस," वेइक्को म्हणाला. "मी थांबलो होतो."

मला जळवांच्या बादलीत थांबलेला तो हात दिसला. मग पोस्टमन आठवला. तो दोनदा नाही म्हणाल्यावर दारात उगाच बुटाची नाडी बांधत बसला होता. पाण्यावर वल्हं धरून थांबलेली लोरेटा आठवली. मग फोन आठवला. मी तो विचार तिथेच थांबवला, कारण घोंगडी ओली व्हायला लागली होती आणि मी तर कधीचा वाळलो होतो.

"कनूला पण तसंच असतं?" मी विचारलं. "मला वाटलं फक्त कॉफीला."

वेइक्को आणि टॉलेफसनबाईंनी एकमेकांकडे पाहिलं. अशा मुलाला इतकी वर्षं बसमधून नेऊन काय उपयोग, अशी ती नजर होती.

वेइक्को गेल्यावर मी उठलो, घोंगडी खांद्यावर नीट केली. "टॉलेफसनबाई, पुढच्या शनिवारी तुम्ही येता का?"

"मी? छे. या वयात कुठे."

"या की."

"नको रे. तुला माझं ओझं."

घड्याळ टिकटिकत होतं. इतकी भीती मला कनू उलटताना वाटली नव्हती. समजा वेइक्को चुकत असेल. समजा तिसरा नकार खरा असतो आणि आधीचे दोन नुसते त्याची तयारी असतात.

"या, बाई," मी म्हणालो.

"बरं," टॉलेफसनबाई लगेच म्हणाल्या, "एवढं म्हणतोयस तर." आणि दारामागे हात घालून त्यांनी काठी काढली. तंगूस भरलेला, बुटाच्या आकाराचं शिसं ओवलेलं, पुढे हातभर बारीक तंगूस, गळाला बूच टोचलेलं.

"ही कधी तयार केलीत?"

"मंगळवारी. तू आलास तेव्हा दारामागेच होती." त्या तंगुसाची गाठ ओढून बघायला लागल्या. "सगळ्या गावाला विचारत फिरलास म्हणे. कुत्र्यापर्यंत गेलास. मला वाटलं, आता मला विचारशील. तर तू माझ्याकडून दगड नेलास."

मी बिस्कीट खाल्लं.

रविवारी दुपारी काकाचा फोन आला. फॅरनहाइटमध्ये तिकडे एकशे एक, इकडे अठ्ठेचाळीस.

"जागा कुणाला सांगितली नाहीस ना?"

"नाही काका. सांगायची वेळच आली नाही."

"शाब्बास. हिवाळ्यात ये की इकडे."

"बघू."

"ये की."

या वेळी मी 'बघू' म्हटलं नाही. तारेत वारा वाजल्यासारखा आवाज येत होता.

"काका, तू दोनदाच विचारतोस," मी म्हणालो.



"अठ्ठेचाळीस म्हणालास ना?" काकाने विचारलं. "म्हणजे थंडी आहे अजून." पण त्याने फोन लगेच ठेवला नाही. मीही नाही.

पुढच्या शनिवारी पहाटे टॉलेफसनबाई नव्या फळीवर बसल्या. बूट धरून शंभर पौंड. त्यामुळे नाक बोटभर वरच राहिलं, आणि वारा आला की मला उजवीकडे जास्त जोर लावावा लागत होता. मी त्यांना ते सांगितलं नाही. बेटामागे न जाता आम्ही सरळ टेंगळावर गेलो. पलीकडच्या कनूंनी सवयीप्रमाणे पाठ फिरवली. मी हात वर करून जोरात हाक मारली, "या की इकडे!" कोणी हललं नाही. पहिलीच वेळ होती, वेळ लागणारच.

बाईंनी शिसं खाली सोडलं. मऊ. मऊ. मग टक्.

"हा बघ," त्या म्हणाल्या. "आपला."

"कशावरून?"

"चार वर्षं कप ठेवतेय मी त्याच्यावर. आवाज कळत नाही होय?" त्यांनी काठी उचलून परत टेकवली. टक्. "काढू नकोस. राहू दे. इथे त्याला सोबत आहे."

मी वल्हं मारत कनू धरून ठेवली. समोर त्यांची पाठ, काकाच्या पाठीच्या निम्मी, आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंनी पाणी दिसत होतं. काठीचं टोक हळूच वाकलं. त्यांनी तंगूस सोडला. एक, दोन, आणि टोक सरळ झालं. नुसतं नाकाने ढकलून बघितलं होतं. थोड्या वेळाने पुन्हा वाकलं, पुन्हा सरळ झालं.

"गेला तो," मी म्हणालो. "गुंडाळा. दुसरीकडे बघू."

"गप बस," टॉलेफसनबाई मागे न बघता म्हणाल्या आणि शिसं अलगद परत लेस्टरशेजारी टेकवलं. "दोनदाच झालंय."